धुंडिराजाचा शोध

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी तळेगाव मागे टाकून मावळ मुलखात पुढे सरकू लागली, की दोन्ही बाजूंना डोंगरांची रांग उभी राहते. डाव्या हातास लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले दिसतात. त्यांच्याच परिसरात भाज्याची लेणी आहेत आणि उजवीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी येथील कातळात चैत्य आणि विहार कोरून ठेवले. ही लेणी पाहायला जाणारे प्रवासी ज्या लहानशा स्टेशनावर उतरतात, त्याचे नाव मळवली. त्यानंतर थोड्याच वेळात लोणावळे लागते आणि तेथून गाडी बोरघाट उतरू लागते.

याच मावळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, आणखी एका प्रकारच्या दगडावर चित्रे उमटत होती. राजा रविवर्मा या थोर चित्रकाराची तैलचित्रे तेव्हा राजवाड्यांची शोभा वाढवीत होती. परंतु तैलचित्राची किंमत मोठी आणि चित्र मात्र एकच. गरिबाच्या घरी ते कसे जाणार? ही अडचण दूर व्हावी म्हणून रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत एक छापखाना काढला. काही वर्षांनी तो मळवलीस आणण्यात आला आणि पुढे श्लायशर नावाच्या एका जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत चित्रांना खेड्यापाड्यांतील देव्हाऱ्यांतही जागा मिळाली.

१९०६ सालच्या सुमारास या छापखान्याचे काम करण्यासाठी छत्तीस वर्षांचे एक गृहस्थ लोणावळ्यास येऊन राहिले. त्यांनी तोवर चित्रकला शिकली होती, छायाचित्रणाचा धंदा केला होता, नाटकांचे पडदे रंगवले होते, जादूचे प्रयोग केले होते आणि सरकारी नोकरीही करून सोडली होती. व्यवहारी माणसांना हा सारा प्रकार धरसोडीचा वाटे. एवढा बुद्धिमान माणूस, पण एका जागी स्थिर नाही, अशी हळहळ आप्तेष्ट व्यक्त करीत. या गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आज आपण ज्यांना ओळखतो, तेच हे दादासाहेब फाळके.

धुंडिराज हे गणपतीचे नाव आहे आणि धुंडणे म्हणजे शोधणे. आपले खरे काम कोणते, याचा शोध या धुंडिराजांनी आयुष्याची चाळीस वर्षे केला. तो शोध कसा चालला आणि कोठे पोहोचला, ते आता पाहू.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. घरात पोथ्या, पुराणे आणि पूजाअर्चा यांचे वातावरण होते. मुलानेही शास्त्री व्हावे, अशी अपेक्षा अशा घरात असणे स्वाभाविक होते. धुंडिराजाच्या कानावर पुराणातील कथा पडत, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मात्र त्यांची चित्रे उभी राहत. पुढे दाजीशास्त्री मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाची ओढ ओळखून त्याला १८८५ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत घालण्यात आले.

त्यानंतर आपल्या वडील बंधूंबरोबर धुंडिराज बडोद्यास गेले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या त्या नगरीत कला आणि उद्योग यांना राजाश्रय होता. तेथील कलाभवनात तरुण फाळक्यांनी तैलरंग व जलरंग यांचे शिक्षण घेतले. छायाचित्रण तेथेच त्यांच्या हाती आले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर उभी केलेली एक जड पेटी. काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा पाहायची आणि मग अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या साह्याने ती प्रत्यक्षात आणायची. कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा हळूहळू उमटताना पाहून फाळके थक्क होत. या कलेची जी गोडी त्यांना लागली, ती कधीच सुटली नाही.

कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. या विद्यार्थ्याच्या हातात कला आहे आणि बुद्धीत शास्त्र आहे, हे त्यांनी ओळखले. छपाईचे ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवले आणि ते परत आल्यावर कलाभवनातील छायाचित्रणाची साधने त्यांना वापरू दिली. गुरूने टाकलेल्या या विश्वासाचे मोल फाळके विसरले नाहीत. पुढे त्यांच्या हाताखाली जी माणसे आली, त्यांना त्यांनीही असेच विश्वासाने शिकवले.

छायाचित्रणावर उपजीविका करावी, या विचाराने फाळके १८९५ साली गुजरातमधील गोध्रा येथे गेले. तेथे जम बसू लागला, तोच प्लेगची साथ आली. १९०० साली त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावली. भरले घर रिकामे झाले. फाळके बडोद्यास परतले आणि त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु छायाचित्र काढले की माणसाची शक्ती खेचली जाते आणि त्याचे आयुष्य कमी होते, असा समज त्या वेळी लोकांत पसरला होता. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर बसायला गिऱ्हाईक तयार होईना आणि धंदा बुडाला.

मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यास घेतले. त्याच सुमारास बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी प्रोफेसर केळफा असे नाव धारण केले आणि जादूचे जाहीर प्रयोग केले. शास्त्र्यांचा मुलगा जादूगार झाला, याचे अनेकांना नवल वाटले असेल. पण पाहणाऱ्याचा डोळा कोठे गुंततो आणि कोठे फसतो, हे ज्ञान फाळक्यांना या प्रयोगांतून मिळाले. ते पुढे फार मोलाचे ठरणार होते.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे नाव या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहे. लवकरच फाळक्यांना सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. दरमहा ठरलेला पगार घरी येऊ लागला. परंतु ते दिवस स्वदेशीच्या चळवळीचे होते. आपल्या देशात आपले उद्योग उभे राहावेत, या विचाराने तरुण मने भारून गेली होती. फाळक्यांनी ती सुरक्षित नोकरी सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा ठसे व छपाईचा कारखाना काढला. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याला लागणारी छायाचित्रांची शिळाछपाई करून देणे, हे त्यांचे मुख्य काम होते.

हे काम कसे चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हा अनुभव आपल्याला स्वयंपाकघरातही येतो. शिळाछपाई याच तत्त्वावर चालते. गुळगुळीत केलेल्या चुनखडी दगडावर तेलकट द्रव्याने चित्र उमटवायचे आणि मग दगड पाण्याने ओला करायचा. कोरा भाग पाणी धरतो, तेलकट रेघा धरत नाहीत. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई केवळ रेघांना चिकटते. त्यावर कागद दाबला म्हणजे चित्र छापून निघते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला निराळा दगड लागतो. एकाच कागदावर एकामागून एक रंग छापावे लागतात आणि एकाही रंगाची जागा केसभर चुकली, तर देवीच्या ओठांची लाली गालावर उतरते! मूळ चित्राचे छायाचित्र घेऊन ते दगडावर हुबेहूब उतरवणे, हे फाळक्यांचे कसब होते.

त्याखेरीज ते जाळीचे ठसेही करीत. पुस्तकातील किंवा वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिले, तर ते असंख्य लहानमोठ्या ठिपक्यांचे बनलेले दिसते. जवळून पाहावे तर नुसते ठिपके आणि दुरून पाहावे तर हसरा चेहरा! मावळातील धुवाधार पावसाळ्यात, ओलसर हवेत, कागद आणि रसायने सांभाळत अशी नाजूक कामे करणे सोपे नव्हते. त्या कामात फाळक्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे कला आणि यंत्र यांची गाठ पडली, तर एक चित्र हजारो घरी जाऊ शकते. दुसरी म्हणजे आपल्या पुराणांतील देवदेवता चित्ररूपाने समोर आल्या, की आपल्या लोकांची मने उचंबळून येतात. लोणावळ्याच्या मुक्कामात मिळालेली ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली.

काम वाढले तसा कारखाना मुंबईस दादरला हलला. नवे भागीदार मिळाले आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे झाले. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीस जाऊन आले. छपाई सुबक होऊ लागली आणि नाव झाले. परंतु भागीदारांशी त्यांचे पटेना. अखेर स्वतःच्या हातांनी उभारलेल्या त्या कारखान्यातून ते काहीही न घेता बाहेर पडले. वय चाळिशीला आलेले, पदरी संसार आणि हाती धंदा नाही. आपण कोण? चित्रकार, छायाचित्रकार, जादूगार की छापणारे? या प्रश्नाचे उत्तर तेव्हा त्यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर १९११ च्या सुमारास गिरगावातील एका अंधाऱ्या चित्रगृहात मिळाले. तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूक चित्रपट दाखवीत होते. फाळके तो पाहत होते, पण त्यांच्या मनाच्या पडद्यावर निराळीच चित्रे उमटत होती. त्यांना तेथे गोकुळ दिसले, अयोध्या दिसली, कृष्ण आणि राम दिसले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी अशा पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या खेपेस ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले आणि हे सारे कसे केलेले असते, हे त्यांनी त्यांना समजावून सांगितले. चलच्चित्र म्हणजे अखेर छायाचित्रेच. सेकंदाला सोळाच्या आसपास छायाचित्रे डोळ्यांपुढून सरकली, की पाहणाऱ्याला ती हलल्याचा भास होतो. छायाचित्रण, चित्रकला, रसायने, नाटकाचे पडदे आणि जादू या सर्व विद्या येथे एकत्र येत होत्या. आजवर सोडून दिलेले एकही काम वाया गेले नव्हते.

पण केवढे धाडस होते ते! या धंद्याची माहिती देणारा माणूस देशात मिळणे कठीण होते. फाळक्यांनी घरातील चीजवस्तू विकून साहित्य जमवले. रोज चित्रपट पाहायचे आणि रात्री जागून प्रयोग करायचे, असा क्रम त्यांनी धरला. झोप अपुरी आणि डोळ्यांना विश्रांती नाही. परिणामी डोळे सुजले आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. ज्याचे सारे जीवन पाहण्यावर उभे, त्याच्यापुढे काळोख पसरला. सुदैवाने औषधोपचाराने दृष्टी परत आली. दुसऱ्या कोणी यातून धडा घेऊन तो नाद सोडला असता. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस निघाले.

लंडनमध्ये त्यांची ओळख ना पाळख. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकांनी प्रथम त्यांना या फंदात न पडण्याविषयी सुचवले. परंतु त्यांची तळमळ पाहून त्यांनी सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळ्या मनाने दाखवला. विल्यमसन जातीचा कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि इतर साधने यांची खरेदी करून फाळके थोड्याच दिवसांत परतले.

आता भांडवल हवे होते आणि सावकाराला खात्री पटवायची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा समोर रोवला. दिवसामागून दिवस ते त्या रोपाची ठरावीक वेळी चित्रे घेत राहिले. ती फीत पडद्यावर दाखवली, तेव्हा कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत घडली. माती फोडून अंकुर वर आला, पाने उलगडली आणि वेल चढू लागली. पाहणारे चकित झाले आणि पैसा उभा राहिला. जो कमी पडला, त्यासाठी सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

दादरच्या घरातच राजा हरिश्चंद्राच्या कथेवरील चित्रपटाचे काम सुरू झाले. स्त्रीची भूमिका करायला कोणी स्त्री तयार होईना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्या भालचंद्र या मुलाने केली. चित्रपटात काम करणे लोक कमीपणाचे मानीत, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती. कॅमेरा कसा चालवावा, हे त्यांनी आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवले. फिल्मला भोके पाडणे आणि ती रसायनात धुऊन काढणे ही कामे सरस्वतीबाई त्यांच्याकडूनच शिकल्या. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्म हाताळायची, असा त्यांचा दिनक्रम होता. ते घर म्हणजे एक शाळाच झाली होती. तेथे शिकवणारे एक आणि शिकणारे बाकीचे सर्व. तेथे घडलेल्या माणसांना अन्य कोणत्याही शाळेत ही विद्या मिळाली नसती.

सुमारे सात महिन्यांच्या खटपटीनंतर ३,७०० फूट लांबीचा तो चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी तो निमंत्रित पाहुण्यांना दाखवण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात सर्वांसाठी खुला झाला. पडद्यावर आपला राजा आणि आपली राणी पाहून लोकांनी चित्रगृह भरून टाकले. भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली आणि स्त्रियांना पडद्याची वाट मोकळी झाली. १९१७ साली ‘लंकादहन’ आला. ‘कालिया मर्दन’ या १९१९ सालच्या चित्रपटात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कालियाच्या फण्यावर नाचणारा तो कृष्ण पाहताना प्रोफेसर केळफांची जादू किती उपयोगी पडली, हे कळते. चित्रपट कसा तयार करतात, हे दाखवणारी एक लहानशी फीतही त्यांनी काढली. जादूगार आपले रहस्य झाकून ठेवतो. फाळक्यांमधील शिक्षकाने ते लोकांसमोर उघडे केले.

त्यांचे पुढचे दिवस मात्र सुखाचे गेले नाहीत. १९१८ साली सुरू झालेल्या हिंदुस्तान फिल्म कंपनीतही भागीदारांशी मतभेद झाले. फाळक्यांचा स्वभाव मानी होता. कलेत तडजोड त्यांना सोसत नसे आणि पैशाचा हिशेब त्यांना जमत नसे. ते सर्व सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले. काही काळाने ते परत आले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले. तोवर जग बदलले होते. १९३१ साली भारतात बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस सरले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, तो लाखोंची उलाढाल करू लागला होता, पण त्यांच्या स्वतःच्या पदरी संपत्ती उरली नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान त्यांच्या नावाने देते.

फाळक्यांना यश मिळाले आणि ते हातचे गेलेही. परंतु आपले काम कोणते, हा त्यांचा शोध मात्र पुरा झाला होता. तो एका झेपेत पुरा झाला नाही. त्र्यंबकेश्वरच्या पुराणकथा, बडोद्याची अंधारी खोली, गोध्र्याचे दुःख, जादूगाराची चलाखी आणि लोणावळ्याचा शाईने माखलेला दगड अशा पायऱ्यांनी तो चढत गेला. प्रत्येक काम त्यांनी जीव ओतून केले, म्हणून प्रत्येक कामाने त्यांना काही ना काही शिकवले. चित्रात एकेक रंग निराळ्या दगडावरून उतरतो आणि शेवटचा रंग बसेपर्यंत चित्र कशाचे आहे, हे पुरते कळत नाही. फाळक्यांचे आयुष्यही तसेच होते.

अभ्यास

१. फाळक्यांनी वडिलांप्रमाणे शास्त्री न होता कोणती वाट धरली? का?
२. शिळाछपाईचे तत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.
३. लोणावळ्याच्या मुक्कामात फाळक्यांना कोणत्या दोन गोष्टी उमगल्या?
४. ‘आजवर सोडून दिलेले एकही काम वाया गेले नव्हते,’ हे पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
५. सरस्वतीबाईंच्या साह्याशिवाय पहिला चित्रपट पुरा झाला असता काय? आठ-दहा ओळींत लिहा.